कनौजच्या लहान कारखान्यातील अत्तरांचे नमुने कसे पारखावेत?

प्रश्नाचा आशय असा: उत्तर प्रदेशातील कनौजच्या एका लहान, एकाच कुटुंबाने चालवलेल्या अत्तर कारखान्याकडून प्रत्येकी एक मिलिलिटरचे सहा नमुने मागवले होते. त्यात गुलाब, मोगरा, केवडा, वाळा, माती आणि शमामा ही अत्तरे होती. कुप्या आल्या त्याच संध्याकाळी सगळी अत्तरे दोन्ही हातांवर लावून पाहिली. गुलाब गुलाबासारखा वाटला नाही, मातीचा वास अर्ध्या तासात नाहीसा झाला आणि शमामाला चक्क मसाल्याच्या डब्यासारखा वास आला. हा माल खरा आहे का, आणि मोठ्या बाटल्या मागवाव्यात का?

उत्तर: आपल्या तिन्ही तक्रारींपैकी एकही माल खोटा असल्याचे लक्षण नाही. त्यांपैकी दोन गोष्टी तर माल बरा असण्याची शक्यता थोडी वाढवतात. मात्र सहा अत्तरे एकाच संध्याकाळी दोन हातांवर लावल्यानंतर त्यांच्याविषयी कोणतेही मत बनवता येत नाही, मग नाक कितीही तयार असो. मी अनेक वर्षे सुगंध-मूल्यमापनाचे काम करत आले आहे आणि कनौजी अत्तरांच्या बाबतीत माझे ठाम मत आहे की त्यांचा निर्णय पहिल्या पाच मिनिटांत नव्हे, तर तिसऱ्या-चौथ्या तासाला घ्यायचा असतो. अल्कोहोलमधल्या फवारणीच्या परफ्यूमपेक्षा ही वस्तू वेगळ्या रीतीने घडते, म्हणून तिची पारखही वेगळी करावी लागते. ती कशी घडते हे आधी थोडक्यात पाहू, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

फुले किंवा मुळे पाण्यासह तांब्याच्या मोठ्या भांड्यात, म्हणजे देगेत, भरतात. झाकण बसवून सांधे मातीने लिंपतात आणि खाली लाकडांचा किंवा शेण्यांचा जाळ करतात. दोरी गुंडाळलेल्या बांबूच्या नळीतून वाफ दुसऱ्या, लांब मानेच्या तांब्याच्या भांड्यात जाते. हा भपका. तो पाण्याच्या हौदात बुडवून ठेवलेला असतो आणि, मुख्य गोष्ट म्हणजे, त्यात आधीपासूनच चंदनाचे तेल असते. वाफ थंड होऊन त्या तेलावर उतरते, तेल तिच्यातला गंध शोषून घेते आणि खाली साचलेले पाणी काढून पुन्हा देगेत टाकतात. नवी फुले घालून हेच अनेक दिवस चालते. वाफ किती उतरली हे सांगणारे कोणतेही यंत्र तिथे नसते. भट्टीवरचा कारागीर पाण्यात हात घालून भपक्याची ऊब अजमावतो आणि त्यावरून जाळ कमी-जास्त करतो. तयार अत्तर पूर्वी कातडी कुप्यांत ठेवीत, म्हणजे उरलेला पाण्याचा अंश कातड्यातून हळूहळू उडून जाई. काही कारखाने आजही तसे करतात.

म्हणजेच पारंपरिक अत्तरात फुलाचा गंध चंदनाच्या तेलात मुरलेला असतो. पहिल्या काही मिनिटांत जे नाकाशी येते ते फुलातले सर्वांत हलके, लवकर उडणारे घटक. तासाभरानंतर चंदन पुढे येऊ लागते आणि चार तासांनी जे उरते त्यात फूल आणि चंदन वेगळे काढता येत नाहीत. कारागिराचे सगळे कसब आणि मालकाचा सगळा प्रामाणिकपणा या शेवटच्या टप्प्यात उघडा पडतो. पहिला दरवळ कोणीही साधू शकतो.

आता आपल्या गुलाबाकडे येऊ. ताज्या गुलाबाच्या वासात फेनिल इथाइल अल्कोहोल या घटकाचा मोठा वाटा असतो आणि तो पाण्यात बऱ्यापैकी विरघळतो. ऊर्ध्वपातनात त्याचा बराच भाग तेलात न येता गुलाबपाण्यात निघून जातो. म्हणून ऊर्ध्वपातित गुलाब ताज्या पाकळीपेक्षा अधिक गडद, किंचित मधाळ, थोडा मसालेदार आणि कधी कधी मेणासारखा लागतो. ‘अगदी गुलाबासारखा’ वास देणारे स्वस्त गुलाबी अत्तर बहुतेक वेळा याच फेनिल इथाइल अल्कोहोलच्या, कारखान्यात बनवलेल्या, भरपूर मात्रेवर उभे असते. आपल्याला ओळखीचा वाटतो तो गुलाब अनेकदा गुलकंदाचा, सरबताचा किंवा उदबत्तीचा असतो. त्याच्याशी तुलना केली तर खरा गुलाब दर वेळी हरेल.

शमामा हे एका फुलाचे अत्तर नाही. त्यात नागरमोथा, जटामांसी, लवंग, वेलची, जायफळ, केशर अशा कितीतरी वस्तू पडतात आणि प्रत्येक घराण्याचा पाठ निराळा असून तो सहसा बाहेर सांगितला जात नाही. त्यातला एक महत्त्वाचा घटक म्हणजे उत्तरेत ज्याला छडीला म्हणतात ते आपले दगडफूल. गोडा मसाला भाजणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला शमामातून मसाल्याच्या डब्याची आठवण आली, तर त्याच्या नाकाने नेमका योग्य पदार्थ ओळखला असे म्हणावे लागेल. हा वास शर्टावर आवडेल की नाही हा वेगळा प्रश्न आहे. थंडीच्या दिवसांत, लोकरीच्या कपड्यावर तो जितका शोभतो तितका मे महिन्याच्या दुपारी शोभत नाही.

मातीच्या अत्तराचे थोडे सविस्तर सांगते, कारण इथेच सर्वाधिक गैरसमज होतात. तळ्याची चिकणमाती वाळवून, भाजून, तिचे तुकडे देगेत घालून हे अत्तर काढतात. इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील दोन शास्त्रज्ञांनी पहिल्या पावसाच्या वासावर 1964 मध्ये ‘नेचर’मध्ये जो शोधनिबंध लिहिला, त्यात उत्तर भारतातील या धंद्याचा उल्लेख आहे. अशा वासाची गंमत अशी की नाक त्याला फार लवकर सरावते. तो त्वचेवरून गेलेला नसतो. तो तिथे आहे हे मेंदूने सांगायचे थांबवलेले असते. खात्री करायची असेल तर अत्तर लावून पंधरा मिनिटे बाहेर उघड्या हवेत जाऊन या आणि परत येऊन मनगट हुंगा, किंवा घरातल्या ज्याला काहीच सांगितलेले नाही अशा माणसाला विचारा. त्याला चौथ्या तासाला ओला माठ आणि चंदन यांच्यामधला काही वास आला, तर अत्तर टिकून आहे. त्यालाही काहीच आले नाही आणि त्वचेवर फक्त तेलकट थर राहिला असेल, तर मात्र शंका घ्यायला जागा आहे.

नमुने पाहण्याची रीत मी सुचवते ती अशी. पार्सल आल्यावर दोन-तीन दिवस कुप्या अंधाऱ्या, थंड जागी तशाच राहू द्याव्यात. प्रवासात त्या हलतात आणि उन्हात तापतात. फ्रीजची गरज नाही, पण खिडकीची कड आणि न्हाणीघरातले कपाट ही दोन्ही ठिकाणे टाळावीत. कुपीवरच्या चिठ्ठीवर तेलाचा ओघळ गेला की शाई पसरते आणि मग केवडा कोणता व मोगरा कोणता हे कळेनासे होते. म्हणून प्रत्येक कुपीच्या तळाला पहिल्याच दिवशी पारदर्शक चिकटपट्टीखाली क्रमांक लावून ठेवावा. झाकणाची काचेची काडी एका कुपीतून दुसरीत कधीही जाऊ देऊ नये. शमामाचा पुसटसा अंशही मोगऱ्याला कायमचा बिघडवतो.

लावण्याआधी प्रत्येक नमुन्याचा कोपराच्या आतल्या बाजूला टिंबभर लेप देऊन दोन दिवस पाहावे. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, असे नसते. लवंगेतले युजेनॉल काहींच्या त्वचेला सोसत नाही आणि शमामासारख्या मिश्रणात तर कशाकशाने खाज आली हे शोधणेही अवघड असते. पुरळ उठले तर ते अत्तर त्वचेऐवजी फायावर वापरावे, मात्र रेशमी किंवा पांढऱ्या कपड्याला तो टेकू देऊ नये. चंदनाच्या तेलाचा पिवळट डाग सहज जात नाही.

मग एका दिवशी एकच अत्तर लावावे. सकाळी अंघोळीनंतर, सुगंधी साबण आणि तेल टाळून, मनगटावर काडीचे टोक जेमतेम टेकवावे. एक मिलिलिटरमध्ये वीस ते तीस थेंब असतात आणि एका वेळेला पूर्ण थेंबही लागत नाही, त्यामुळे ही इवलीशी कुपी बरेच दिवस पुरते. ती एका बैठकीत उडवण्याचे काही कारण नाही. मनगटावर मनगट घासल्याने सुगंधाचे ‘रेणू तुटतात’ असे जे सांगितले जाते त्यात तथ्य नाही, पण घर्षणाच्या उबेने हलके घटक लवकर उडतात आणि पहिला टप्पा पाहायला मिळत नाही, म्हणून घासू नये. लावल्यावर पाच मिनिटांनी, एका तासाने, चार तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीपूर्वी, अशा चार वेळी हुंगून दोन-दोन शब्द लिहून ठेवावेत. मधल्या वेळात मनगट सारखे नाकाशी नेऊ नये. हे सर्वांत अवघड जाते.

लिहिताना कारखान्याने पाठवलेले वर्णन आधी वाचू नये. त्यावर ‘राजेशाही’ असे लिहिलेले असले की आपल्याला राजवाडाच हुंगल्यासारखा वाटतो. आपल्या शब्दांत लिहावे: कापराची डबी, ओली सुपारी, उन्हात तापलेले गवत, देवघर, जुने पुस्तक. हे शब्द बावळट वाटले तरी चालतील. दोन आठवड्यांनी तेच उपयोगी पडतात. शक्य असेल तर घरातल्या कुणाला तरी क्रमांकावरून कुपी निवडून लावायला सांगावे आणि नाव स्वतः पाहू नये.

कॉफीच्या बिया हुंगून नाक ‘ताजे’ होते, हा दुकानांतला समज आहे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कॉफी, लिंबाच्या फोडी आणि साधी हवा यांच्यात काहीही फरक आढळला नव्हता. साधी हवा फुकट आहे. शिवाय काही गंध काही माणसांना मुळातच येत नाहीत. काही कृत्रिम कस्तुरी-गंधांबाबत हे विशेष आढळते. दोन माणसांना एकाच कुपीतून वेगळे काही आले, तर त्यातले एक खोटे बोलत आहे असे नव्हे.

या सगळ्याच्या जोडीला मी एक स्वस्त उपाय नेहमी सुचवते आणि लोक तो नेहमी टाळतात. काष्ठौषधींच्या दुकानातून थोडा वाळा, थोडा नागरमोथा आणि वाण्याकडून दगडफूल आणावे. वाळ्याची मुळे पाण्यात भिजवून, निथळून, त्यांचा वास घ्यावा आणि मग वाळ्याचे अत्तर चौथ्या तासाला हुंगावे. माठात वाळ्याची जुडी टाकणाऱ्या घरांत हा वास ओळखीचाच असतो. मूळ वस्तू समोर असली की नाकाला आधार मिळतो. नुसत्या स्मृतीवर पारख करताना आपण बहुधा जाहिरातीतल्या वासाशी तुलना करत असतो. चंदनासाठीही असेच करावे. कर्नाटक सरकारच्या साबण कारखान्याचे चंदन तेल छोट्या बाटलीत मिळते. ते महाग असते, पण चंदनाचा खरा वास नाकात एकदा बसला की पुढच्या अनेक खरेद्यांत त्याचे पैसे वसूल होतात. अस्सल चंदनाचा वास चढा, भपकेबाज नसतो. तो मऊ, दुधाळ आणि अगदी अंगाशी राहणारा असतो.

याचे कारण असे की कनौजी मालात आज खरी गडबड फुलात नसून आधारद्रव्यात, म्हणजे ज्या तेलात गंध मुरवतात त्यात आहे. भारतीय चंदनाची झाडे विरळ झाली, तेलाचे भाव चढत गेले आणि गेल्या काही दशकांत अनेक कारखान्यांनी चंदनाऐवजी द्रव पॅराफिन किंवा डायऑक्टिल थॅलेट, बाजारात ज्याला नुसते ‘डीओपी’ म्हणतात, ते वापरायला सुरुवात केली. दोन्हींना वास नाही, दोन्ही स्वस्त. यांपैकी थॅलेटला युरोपीय संघात सौंदर्यप्रसाधनांत मनाई आहे, आणि त्वचेवर रोज लावायच्या वस्तूत ते असू नये असे माझेही मत आहे. दिसायला हे अत्तर तसेच असते, सुरुवातीचा दरवळही तसाच असतो. फरक पडतो तो नंतर: फूल उडून गेले की खाली काहीच उरत नाही, केवळ चिकटपणा राहतो.

घरगुती परीक्षांवर मात्र फार विसंबू नये. कागदावर थेंब टाकून डाग राहतो का ते पाहा, असे सांगतात. पण चंदनाचे तेलही फार सावकाश उडते आणि त्याचाही डाग बराच काळ दिसतो. अल्कोहोलमध्ये विरघळवून पाहण्याची रीत जरा बरी आहे, कारण पॅराफिन त्यात विरघळत नाही आणि द्रव गढूळ होतो. पण थॅलेट सहज विरघळते, म्हणजे ही परीक्षा पास होणे कशाचाच पुरावा नाही. वाळ्याच्या रूहचा, म्हणजे चंदनाशिवाय काढलेल्या निव्वळ तेलाचा, हिरवट रंग तांब्याच्या भांड्यामुळे येतो हे खरे, आणि रंग बाहेरून घालता येतो हेही तितकेच खरे. पक्का निकाल प्रयोगशाळेतच लागतो. कनौजमध्ये 1991 पासून चालणारे सुगंध व सुरस विकास केंद्र तेलांची तपासणी करते, पण एक मिलिलिटरच्या नमुन्यासाठी तो खटाटोप कोणी करणार नाही.

सर्वांत सोपी परीक्षा हिशोबाची आहे. अस्सल भारतीय चंदन तेलाचा भाव किलोला लाख रुपयांच्या वर असतो. दहा मिलिलिटर तेल साधारण पावणेदहा ग्रॅम भरते, म्हणजे नुसत्या आधारद्रव्याचाच खर्च हजार रुपयांच्या आसपास किंवा त्याहून जास्त होतो, आणि त्यात फुले, सरपण, मजुरी, काच, टपाल काहीच धरलेले नाही. एक किलो निव्वळ गुलाब तेलाला तीन ते पाच टन पाकळ्या लागतात, हेही लक्षात घ्यावे. तेव्हा ‘चंदनातला गुलाब’ म्हणून दहा मिलिलिटरची बाटली तीनशे रुपयांना मिळत असेल, तर तिच्यात चंदनही नाही आणि ऊर्ध्वपातित गुलाबही नाही. उलट किंमत जास्त आहे म्हणून माल खरा, असे मात्र म्हणता येत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. कृत्रिम सुगंधद्रव्य वाईट, हे मला मान्य नाही. आमचा सगळा व्यवसायच त्यावर चालतो आणि उत्तम परफ्यूम त्यातून बनतात. मुंबईत मिनारा मशिदीच्या आसपासच्या दुकानांत मिळणाऱ्या पुष्कळ अत्तरांत कृत्रिम घटक असतात, दुकानदार विचारल्यावर तसे सांगतात आणि गिऱ्हाईक आनंदाने घेऊन जाते. तक्रार आहे ती देगेतला म्हणून मिश्रणाचा माल विकण्याबद्दल.

म्हणून मोठी बाटली मागवण्याआधी कारखान्याला तीन-चार साधे प्रश्न विचारावेत. आधारद्रव्य कोणते, चंदन असल्यास कुठले? अत्तर कोणत्या वर्षी, कोणत्या हंगामात काढले? केवडा पावसाळ्यात, मोगरा उन्हाळ्यात, गुलाब वसंतात, वाळ्याची मुळे थंडीत, असा साधारण क्रम आहे; आणि केवडा बहुतेक ओडिशातल्या गंजाम भागातून येतो. ‘आमचा केवडा कनौजच्या शेतातला’ असे कोणी म्हणाले तर भुवई उंचावायला हरकत नाही. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा: नमुना ज्या घाणीतला (म्हणजे एका वेळी काढलेल्या मालातला) होता तीच घाण बाटलीत मिळेल का? लहान कारखान्यात एक घाण दुसरीसारखी हुबेहूब येत नाही, यायची अपेक्षाही धरू नये. ‘ती संपली, पुढची थोडी वेगळी आहे, हवा तर नवा नमुना पाठवतो’ असे उत्तर आले, तर माझा त्या माणसावरचा विश्वास वाढतो. ‘आमचा माल पन्नास वर्षे एकसारखा आहे’ या उत्तराने तो कमी होतो. नमुन्याचे पैसे मात्र घासाघीस न करता द्यावेत. एकेक मिलिलिटर भरून, चिठ्ठ्या लावून, पॅक करून पाठवण्यात लहान कारखान्याला फारसे काही सुटत नाही.

आपल्या सहा कुप्यांपुरते सांगायचे तर शिल्लक माल पुरेसा असणार, तेव्हा वरच्या रीतीने पुन्हा एकदा सुरुवात करावी. वाळा आणि माती सध्याच्या उन्हाळ्यात आधी घ्याव्यात; ही दोन्ही आपल्या हवेत सर्वांत लवकर आपलीशी होतात. केवडा जपून लावावा, तो फार तीव्र असतो आणि बंद खोलीत काहींचे डोके दुखवतो. मोगऱ्याबद्दल अपेक्षा थोडी कमी ठेवावी, कारण गजऱ्यातला मोगरा देगेत पूर्णपणे उतरत नाही, उकळीने त्याचा कोवळेपणा जातो. शमामा दिवाळीनंतर पुन्हा उघडावा. गुलाबाचा निर्णय चौथ्या तासाच्या नोंदीवरच घ्यावा. जे अत्तर निदान तीन वेगवेगळ्या दिवशी चौथ्या तासाला आवडले, त्याचीच बाटली मागवावी, तीही आधी तीन मिलिलिटरची. नमुन्याची कुपी पूर्ण रिकामी न करता तळाशी चार थेंब राखून ठेवावेत आणि बाटली आल्यावर एका मनगटावर जुने, दुसऱ्यावर नवे लावून पाहावे. फरक फार वाटला तर बाटली उघडल्याच्या आठवड्यातच कारखान्याला कळवावे. बदलून देणे त्या काळात त्यांनाही सोपे जाते.